ईश्वरअप्पाचा कान

आमच्या मालकाला गंगाखेडच्या बाजारात कानवाले अप्पा म्हणायचे. ईश्वरअप्पा हे नाव निसतं दुकानाच्या पाटीवर. मी त्यायची बायको, शिवम्मा. लगीन ठरलं तवा मला वाटलं, कानवाले म्हणतेत म्हणजे कान सुपाएवढे असतील. बघते तर चांगले बेताचे. मग कळलं, ही कानाची कीर्ती हाय. कीर्तीवर भाकर भाजते का, असं मी त्यायला लय खेपा विचारलं असंल. ते हसायचे. मी दहा गोष्टी सुनवायचे, ते एकदा हसायचे, अन् भांडण मिटलं असं त्यायला वाटायचं. माझं कुठलं मिटतंय! मी आत जाऊन तव्यासंगं भांडायचे.

दुकान आमचं बैलाच्या साजाचं. कासरे, वेसणी, मोरक्या, झुली, अन् घागरमाळा. बाकी माल कुणाच्याबी दुकानात मिळायचा, पण घागरमाळ घ्यायला लोक पिंगळीहून, झरीहून, पार परभणी वलांडून आमच्याकडं यायचे. कारण माळ मालक स्वतः ओवायचे. पोत्यानं पितळी घंट्या यायच्या. माझ्या डोळ्याला सगळ्या बहिणी-बहिणी. मालक सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे, एकेक घंटी दोरीला लोंबती धरायचे, नखानं टिचकी मारायचे अन् आवाज पार विरून जाईस्तोवर गप.

त्यायची एक रीत व्हती. उजव्या बैलाच्या माळेची घंटी उजव्या कानाशी धरायची, डाव्या बैलाची डाव्या कानाशी. उजव्याची माळ जरा भारी आवाजाची, डाव्याची जरा बारीक. मी एकदा म्हणलं, "अहो, कान कोणताबी असो, घंटी तर तीच हाय ना?" तर म्हणले, "बैलाला जागा बदलून जुंपलं तर चालतो का? कानाचंबी तसंच हाय." म्हणजे त्यायचे कान नव्हते, बैलजोडीच व्हती. पण एवढं खरं, की त्यायच्या माळा घातलेली जोडी असली की कास्तकार गाडीत डोळे मिटून बसला तरी त्याला समजायचं, कोणता बैल मागं पडायलाय.

एखादी घंटी नापास झाली की म्हणायचे, "हिच्यात वाळू हाय." मी नवी नवरी व्हते. मी घंटी उलटी करून झटकली! वाळू आवाजात हाय, असं म्हणायचं व्हतं त्यायला. आवाजाची त्यायची बोलीच न्यारी. वाळू म्हणजे खरखर. पाणी म्हणजे आवाज पसरट, धरायला गेलं तर हाती न लागणारा. अन् लय चांगल्या आवाजाला म्हणायचे, "हा मुरलेला हाय." लोणच्याला म्हणतेत तसं.

पुढं घरोघर ट्रान्झिस्टर आले, टेप आले, तवा तर ह्या कानाची भलतीच चलती झाली. बैल घ्यायला जाताना जाणता माणूस संगं नेतेत, तसं लोक टेप घ्यायला मालकाला परभणीला घेऊन जायचे. दुकानदार मोठ्या ऐटीत गाणं लावायचा. मालक म्हणायचे, "गाणं बंद करा. बातम्या लावा. गाण्यात कुणीबी फसतं, माणूस बोलतो ते ऐकू द्या." मग म्हणायचे, "आता बारीक करा. जोरात काय, सगळेच वरडतेत." पार बारीक आवाजावर जे यंत्र नीट बोललं ते पास. एका बापानं तर त्यायला पोरगी बघायला नेलं, म्हणलं हिचा आवाज ऐकून सांगा. मालक परत आले अन् म्हणले, "पोरगी चांगली हाय. त्याच्या पोराच्याच आवाजात पाणी हाय." मी दोन दिवस हसत व्हते.

पण ह्या कौतुकाचा मला रागबी यायचा. हळूहळू असं झालं, की लोकायनं आपले कान वापरायचंच सोडून दिलं. अप्पा चांगलं म्हणले की चांगलं. अप्पा खराब म्हणले की कुणी ऐकूनसुद्धा बघायचं न्हाई. अरे, देवानं तुमाला कान कशाला दिलेत, मुंडाशाला अडकायला? मी हे तोंडावर बोलायचे. लोक म्हणायचे, "काकू लय तिखट हायेत बुवा," अन् दुकानाबाहेर पडायचे.

आता नागनाथाचं सांगते. नागनाथ माझ्या थोरल्या दिराचा पोरगा. बाप लवकर गेला, म्हणून आमच्याच हाताखाली वाढला. विजेचं काम शिकून मस्कतला गेला, तिकडं घाम गाळला, परत आला अन् परभणीला स्टेशनाजवळ कॅसेटचं दुकान टाकलं. सगळी कमाई त्या दुकानात वतली. पण त्याच रस्त्यावर बघता बघता कॅसेटची दुकानं पावसाळ्यातल्या छत्र्यांवाणी उगवली. पोराचा जीव टांगणीला लागला. नवं लगीन, भाड्याची खोली, अन् दिवसभर गिऱ्हाइकाची वाट.

तवा त्यानं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून नवा माल मागवला. कानाच्या आत घालायची यंत्रं. परदेशी, लय भारी. तवर मी कानावर बसणारी टोपीवाणी यंत्रं पाहिली व्हती, पण ही शेंगदाण्याएवढी, दोन कानांत दोन, दोन वायरी. व्यापाऱ्यानं पेटीभर माल पाठवला व्हता अन् सांगितलं व्हतं, पसंत पडला तर ठेव, न्हाई तर लगीच परत धाड. नागनाथाला माल पसंत व्हता. पण एवढी महाग वस्तू परभणीत खपंल का, ही धास्ती. त्यानं ठरवलं, अप्पाला ऐकवायचं. अप्पानं हो म्हणलं की पेटी ठेवायची, न्हाई म्हणलं की परत. "काकू," मला म्हणला, "ईश्वरअप्पानं ऐकून घेतलंय असं म्हणलं की झरी-पिंगळीपस्तोर कुणी दुसरं काही विचारायचं न्हाई. माझं दुकान उभं राहील."

पोळा होऊन थोडे दिवस झालते. त्या सालात नामांतरावरून मराठवाडा कधी बंद, कधी चालू. तवाबी एसटी बंद व्हती, म्हणून नागनाथ पेटी घेऊन रेल्वेनं आला. त्याच्या संगं झरीचे भुजंगराव आले. भुजंगराव आमचं जुनं गिऱ्हाईक, मालकाला देवाच्या खालोखाल मानणारा माणूस. त्याला दुसऱ्या जोडीसाठी नव्या माळा न्यायच्या व्हत्या. परत जायला दोघांला दुपारचीच गाडी.

सकाळची वेळ, बाजार थंड. शेजारचे किराणावाले रेवणसिद्ध "शरणार्थ अप्पा" म्हणत येऊन बसले. आणखी दोन-चार माणसं गोळा झाली. मी आपली आतल्या दाराशी दोऱ्याला मेण लावत बसले व्हते. नागनाथानं पिशवीतून वॉकमन काढला अन् म्हणला, "अप्पा, गाणं न्हाई आणलं. तुमच्यासाठी खास आणलंय. पोळ्याला झरीत मिरवणुकीच्या वाटंवर मी टेप ठेवला व्हता, दोन बाजूंनी आवाज पकडणारा. पहिली जोडी भुजंगरावाची हाय, तुमच्याच माळा."

मालक खूश झाले. भुजंगराव तर लाजलाच, नवरदेवासारखा. नागनाथानं आपल्या हातानं एक दाणा मालकाच्या उजव्या कानात बसवला, एक डाव्या. मालकानं डोळे मिटले. "बारीक कर," म्हणले. मग हात वर केला, म्हणजे आता कुणी बोलायचं न्हाई. सगळे गप. रस्त्यावर एक हातगाडीवाला चालला व्हता, त्यालाबी रेवणसिद्धानं बोट दाखवून थांबवलं.

मालकाच्या तोंडावर असं हसू आलं की काय सांगू. "आले," म्हणले. "उजवीकडून आले. अरे, किती जवळ! जसं माझ्या खांद्याला घासून चालले." अन् मग ते हसू तिथंच राहिलं अन् कपाळावर आठी आली. मान हलवली. परत लावायला सांगितलं. परत तेच. मग त्यायनं दोन्ही दाणे काढून गादीवर ठेवले.

"नागनाथा, उजवी बाजू लय मुरलेली हाय. यंत्रात असा आवाज मी जिंदगीत ऐकला न्हाई," म्हणले. "पण डावी मुकी हाय. बैल अर्ध्या वाटंवर गायब होतेत."

नागनाथाचं तोंड उतरलं. "पण अप्पा, घरी तर मी..." एवढं बोलला अन् थांबला. तवर भुजंगरावानं दाणे उचलून आपल्या कानांत घातले. थोडा वेळ ऐकलं. एकदा मालकाकडं बघितलं, एकदा खाली. "व्हय अप्पा," म्हणला. "डावीकडं कायबी न्हाई." मग रेवणसिद्धानं घातले. "चिडीचूप," म्हणले. "बरं झालं आधीच कळलं. मुंबईवाले असेच, खराब माल आपल्याकडं ढकलतेत." आणखी एकानं ऐकलं, त्यानंबी मुंडी हलवली. शेवटी नागनाथानं स्वतः ऐकलं. लय वेळ ऐकलं. डोळे मालकाच्या तोंडावर. मग काढले अन् हळूच म्हणला, "व्हय अप्पा. मुकीच हाय. पेटी परत धाडतो."

झालं. निकाल लागला. मालकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणले, "नाराज होऊ नको, दुसरं चांगलं मिळंल." सगळे उठून चहाला समोर गेले. नागनाथ आत येऊन पेटीला दोरी बांधायला लागला. मालक गादीवर घंट्या ओढून बसले.

मी अशी बाई हाय की सगळं गाव हो म्हणायलं की माझ्या पोटात दुखतं. मी ते दाणे उचलले, पदराआड कानांत घातले अन् नागनाथ दाबतो ते बटण दाबलं. आगं माय! उजवीकडून बैल आले, चाळ-घंट्या वाजवत, खूर आपटत, माझ्या डोक्याच्या मधून गेले अन् डावीकडं गेले. डावीकडं कुणीतरी "हो, हो" म्हणून बैलाला दटावलंबी. मग जोडी लांब गेली, लांब गेली, अन् दुसरी आली. कुठली मुकी? डावी तर चांगली घडाघडा बोलायली व्हती. मला एवढा राग आला! एवढे मोठे बाप्ये, कुणालाच ऐकू येईना? अन् मग एकदम राग गेला. पहिल्यांदा मुकी म्हणलं कुणी?

मी मालकाच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. हळूच म्हणलं, "अहो." ते घंटी बघत बसले. परत म्हणलं, "अहो, चहा घेता का?" न्हाई. मी मागून फिरून उजव्या अंगाला गेले. तेवढ्याच आवाजात म्हणलं, "अहो." "काय गं?" म्हणले लगीच.

मी आत गेले अन् चुलीपाशी बसले. गेले दोन साल मी ह्या माणसाशी भांडत व्हते, की तुमी माझ्या बोलण्याला जवाब देत न्हाईत, मला दारातला धोंडा समजता का. आतलं दार गादीच्या डावीकडं. मी सगळी जिंदगी डावीकडून बोलले. अन् ह्या दोन सालांत ते हसायचे ते मला ऐकून न्हाई, माझे नुसते हलणारे ओठ बघून हसायचे. पुढं आमी नांदेडला डॉक्टरला दाखवलं, त्यानं नस वाळलीय म्हणून सांगितलं, त्यावर इलाज निघाला न्हाई. पण त्या सकाळी मला डॉक्टर लागला न्हाई. अन् खरं सांगते, त्यायलाबी माहीत नव्हतं. हळूहळू जाणारी गोष्ट, कुणाच्या ध्यानात येते? उजवा कान दोघांचं काम वढत व्हता.

मी नागनाथाला गाठलं. "खरं बोल. तुला डावीकडं ऐकू आलं का न्हाई?"

त्यानं दोरीची गाठ मारली, मग म्हणला, "आलं, काकू."

"मग?"

"मग काय? भर बाजारात अप्पाला बहिरं म्हणू? ज्यानं मला वाढवलं त्याला?"

"अन् तुझी पेटी? तुझं दुकान?"

"बघू काहीतरी," म्हणला. ते बघू त्यानं असं म्हणलं, की मला कळलं, बघायला काहीच उरलं न्हाई.

मला दोघांचाबी राग आला अन् दोघांचीबी दया आली. एकाला ऐकू येत न्हाई अन् दुसरा बोलत न्हाई! मी जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, मेथीची भाजी. मालक आत येऊन बसले. आज मी त्यायच्या उजव्या हाताला बसले. ते बघायला लागले, कारण ती माझी जागा नव्हती.

"तुमच्या डाव्या कानाला ऐकू येत न्हाई," म्हणलं. मला गोड करून सांगता येत न्हाई, कधी आलंबी न्हाई.

ते हसले. मी म्हणलं, "हसू नका." वॉकमन पुढं ठेवला. "आता डावीकडचा दाणा उजव्या कानात घाला."

त्यायनं घातला. मी बटण दाबलं. मी त्यायच्या तोंडाकडं बघत व्हते. जोडी डावीकडून निघून जाताना पहिल्यांदाच त्यायनं ऐकली. मग त्यायनं दुसरा दाणा, मघाशी मुरलेला म्हणला तो, डाव्या कानात घातला. ऐकलं. दाबून घातला. ऐकलं. मग दोन्ही काढून ताटाजवळ ठेवले. भाकर अर्धी तशीच राहिली.

मला म्हणले, "मग डाव्या बैलांच्या माळा?"

मला एकदम समजलं न्हाई. मग समजलं. डाव्या बैलाची घंटी डाव्या कानाशी. दोन साल त्यायनं अर्ध्या माळा मुक्या कानानं पास केल्या व्हत्या. मला रडूच आलं. मी म्हणलं, "कुणी तक्रार केली का? एक तरी माणूस आला का परत? खराब निघाल्या असत्या तर बोंब नसती झाली?" ते म्हणले, "माझी माळ कोण परत आणंल?"

पण मी घर चालवणारी बाई. मी म्हणलं, "ऐका. कुणाला काही सांगायचं कारण न्हाई. नागनाथ म्हणंल की तार ढिली व्हती, बसवली, आता वाजते. त्याची पेटी राहती, तुमचं नाव राहतं. उद्यापासून सगळ्या घंट्या उजव्या कानाशी धरा, कुणाला काय समजायलंय? एका कानानंबी तुमाला गावाच्या दोन कानांपेक्षा जास्त कळतं."

ते म्हणले, "बरं. तसंच करा." थकल्यावाणी म्हणले.

नागनाथाला मी समजावलं. पोराचे डोळे चमकले. आमी तिघं बाहेर आलो तर चहावाली मंडळी परत आलती. भुजंगराव खुंटीवरच्या नव्या माळेला हात लावून बघत व्हता. नागनाथ म्हणला, "अप्पानं बरोबर पकडलं व्हतं. डावीची तार ढिली व्हती. बसवली. पेटीतली बाकीचीबी तपासून देतो. बघा आता."

भुजंगरावानं दाणे कानांत घातले, अन् लगीच वरडला, "वाजायली! अप्पा, आता दोन्हीकडं वाजायली!" रेवणसिद्धानं ओढून घेतले. "वा! काय साफ! सकाळी चिडीचूप व्हती अन् आता बघा. अप्पा, काय कान हाय हो तुमचा! वायर ढिली हाय हे बसल्या जागी सांगितलं!" बाकीचेबी वा वा करायला लागले. एकजण म्हणला, असा कान मराठवाड्यात दुसरा न्हाई. नागनाथ हसायला लागला. मलाबी वाटलं, चला, सुटलो.

मालक गादीवर बसले व्हते. वा वा जशी वाढली तशी त्यायची मान खाली गेली. मग त्यायनं हात वर केला. सगळे गप झाले, सवयीनं.

"तार ढिली नव्हती," मालक म्हणले. "यंत्र सकाळीबी चांगलंच व्हतं. माझा डावा कान गेलाय. मला डावीकडून काहीच ऐकू येत न्हाई."

मी कपाळाला हात लावला. एवढं जुळवून आणलं व्हतं मी! अन् खरं सांगू का, त्याच घडीला माझा ऊर भरून आला. माझ्या नवऱ्यावर मला एवढी माया कधीच आली नव्हती, लगीन झालं तवाबी न्हाई.

भुजंगराव उसळला. "असं कसं अप्पा! मी स्वतः ऐकलं. सकाळी मुकीच व्हती. आईच्यान सांगतो. मलाबी ऐकू आलं न्हाई. तुमचा कान गेला असंल तर माझाबी गेलाय मग!"

"भुजंग," मालक म्हणले. आवाज चढवला न्हाई, पण मी त्यायला इतकं कडक बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आईची शपथ घेऊ नको. सकाळी तुला काय ऐकू आलं ते सांग."

भुजंगराव पायाच्या अंगठ्यानं फरशी घासायला लागला. एवढा मोठा गडी, मिशीवाला, पण मान वर होईना. शेवटी म्हणला, "बैल आले. उजवीकडून आले, अन् डावीकडून गेले."

"मग मुकी कामून म्हणलास?"

"तुमी म्हणलात म्हणून," भुजंगराव म्हणला. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकायलंय. तुमी थोडंच चुकताव."

रेवणसिद्धानं खाकरून दुसरीकडं बघितलं. मालक भुजंगरावाकडं वळले. मला वाटलं आता ह्या माणसाचं काय होतंय. ज्या कानावर जिंदगी काढली तो गेला, अन् संगं हेबी कळलं, की लोक आजवर मुंडी हलवायचे ती ऐकून हलवत नव्हते. पण मालकानं भलतंच विचारलं.

"भुजंग, तुझ्या जोडीच्या माळा मी पोळ्याआधी ओवल्या. तुझ्याच घरचे बैल. रोज तुझ्या कानावर पडतेत. माळा कशा वाजतेत?"

"लय गोड, अप्पा."

"माझं नाव इसर. तुझ्या कानाला विचारून सांग."

भुजंगराव लय घुटमळला. एकदा माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारले, खरं बोल म्हणून. मग त्यानं अंगातलं सगळं बळ गोळा करून सांगितलं.

"उजवी चांगली हाय, अप्पा. डावीत वाळू हाय. दोन-तीन घंट्यांत. पहिल्या दिवसापासून हाय."

मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं, अन् मग तोंडभर हसू आलं. मी सुनवल्यावर मला दाखवायचे ते हसू न्हाई. दुसरंच. "वाळूच म्हणलास ना?" त्यायनं विचारलं. "पाणी न्हाई?"

"न्हाई अप्पा," भुजंगराव म्हणला, आता जरा धीरानं. "पाणी न्हाई. वाळूच."

"उद्या ती माळ घेऊन ये," मालक म्हणले. मग त्यायनं खुंटीवरची नवी डावी माळ, जी भुजंगराव घेऊन जाणार व्हता, ती काढली, गाठ सोडली, अन् सगळ्या घंट्या गादीवर वतल्या. नागनाथाला म्हणले, "तू तुझी पेटी उघड, इथंच. ज्याला घ्यायचंय त्याला ऐकू दे. कुणाला मला विचारू देऊ नको." अन् भुजंगरावाला हात धरून आपल्या डाव्या अंगाला बसवलं, जिथं त्या दिवसापस्तोर कुणी बसत नव्हतं.

"मी एक ऐकतो, तू एक ऐक," म्हणले. "जी तुला पटली न्हाई ती माळेत जाणार न्हाई. मी किती का म्हणंना."

भुजंगरावानं घाबरतच पहिली घंटी उचलली अन् टिचकी मारली. मी आत चहा टाकायला गेले. चहा घेऊन आले तरी दोघं त्याच घंटीवर भांडत व्हते, अन् परभणीची गाडी कवाच निघून गेलती.